कॅप कितीला, हा दुसरा प्रश्न

कोल्हापुरात दातांच्या दवाखान्यात फोन करणारा माणूस बहुधा पहिल्याच वाक्यात भाव विचारतो. ‘रूट कॅनॉल झालंय, कॅप कितीला बसेल?’ लग्नसराई जवळ आली की त्यात भर पडते: ‘पुढच्या दातांना व्हेनिअर करायचेत, एका दाताला किती?’ भाव विचारण्यात गैर काहीच नाही. घरखर्चातून सात-आठ हजार बाजूला काढायचे म्हणजे विचारायलाच हवं. पण फोनवर मिळालेल्या आकड्यावर काही ठरवू नका. एकाच दाढेची कॅप अडीच हजारांतही होते आणि पंधरा हजारांतही, आणि दोन्ही दर आपापल्या जागी रास्त असू शकतात. शिवाय या कामात एक किंमत अशी मोजावी लागते जी कुठल्याच बिलावर येत नाही. ती म्हणजे घासून काढलेला दात. तो परत उगवत नाही. म्हणून कॅप असो की व्हेनिअर, ‘किती घासणार आणि का?’ हे आधी विचारा, ‘कितीला?’ हे त्यानंतर.

दोन्हींतला फरक साधा आहे. कॅप दाताला चहूबाजूंनी आणि वरून झाकते, त्यामुळे दात सगळीकडून एक ते दोन मिलिमीटर घासून लहान करावा लागतो. व्हेनिअर फक्त पुढच्या, दिसणाऱ्या बाजूवर चिकटवतात. ते नखाएवढं पातळ असतं, साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर. कॅपचं काम दात वाचवण्याचं, व्हेनिअरचं काम मुख्यतः दात चांगला दिसण्याचं. एडेलहॉफ आणि सोरेन्सन या दोघांनी २००२ साली वेगवेगळ्या कामांसाठी दाताचा किती भाग जातो हे मोजलं होतं. व्हेनिअरसाठी हिरडीबाहेरच्या दाताचा ३ ते ३० टक्के भाग जातो आणि पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के, असं त्यांना आढळलं. हे दोन आकडे लक्षात ठेवा. कारण ‘व्हेनिअर करू’ म्हणून सुरू झालेलं काम खुर्चीत बसल्यावर पूर्ण कॅपचं होतं, असे प्रकार घडतात. स्वस्तात हसू सुधारायला ब्रिटनमधून तुर्कस्तानला गेलेल्या अनेक तरुणांचे निरोगी दात असेच खुंटासारखे घासले गेले आणि ब्रिटनमधल्या दंतवैद्यांना त्याबद्दल जाहीर इशारे द्यावे लागले. इतक्या लांब जायला नको. आपल्याकडेही ‘स्माईल डिझाइन’चं पॅकेज घेताना लेखी विचारा: यातलं व्हेनिअर कुठल्या दाताला आणि कॅप कुठल्या दाताला?

कॅप खरंच कधी लागते

रूट कॅनॉल झालेली दाढ असेल तर टाळाटाळ करू नका. आतली नस काढण्यासाठी दाढेला वरून भोक पाडलेलं असतं, कीड आधीच बराच भाग खाऊन गेलेली असते आणि उरलेल्या पातळ भिंतींवर चावण्याचा सगळा जोर येतो. अक्विलिनो आणि कॅप्लन यांच्या २००२ सालच्याच अभ्यासात, रूट कॅनॉलनंतर कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्यांच्या सहापट वेगानं गमावले गेले, असं दिसलं. दुखणं थांबलं की लोक कॅपचं काम ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून ठेवतात. मग एखाद्या रविवारी मटणाच्या नळीवर दाढ उभी चिरते आणि चार-पाच हजार घालून वाचवलेली ती दाढ काढावी लागते. पैशांची खरोखरच अडचण असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि साधी धातूची कॅप बसवा. ती दिसायला चंदेरी असते, पण मागच्या दाढेला कोण बघतंय? कॅपच न बसवण्यापेक्षा ती शंभर पटीनं बरी.

पुढच्या दातांचं गणित वेगळं आहे. समोरच्या दाताला रूट कॅनॉल झालं, पण दात बऱ्यापैकी शाबूत असेल, तर तिथं कॅप लागतेच असं नाही. भोक बुजवून काम भागू शकतं. म्हणून पुढच्या दाताला कॅप सुचवली तर ‘नुसतं फिलिंग का चालणार नाही?’ हे विचारा. चांगला डॉक्टर एक्स-रे समोर धरून त्याचं उत्तर देतो.

आपल्या गावात फुटबॉल आणि कुस्ती दोन्ही रक्तात. शाहू स्टेडियमच्या सामन्यात किंवा तालमीत कोपर लागून समोरच्या दाताचा तुकडा उडाला, हे इथं नवं नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला अशा वेळी लगेच कॅप बसवायची घाई करू नका. त्या वयात दाताच्या आतली नस मोठी असते, घासताना ती उघडी पडण्याचा धोका असतो. उडालेला तुकडा सापडला तर तो दुधात किंवा पाण्यात घालून तासाभरात दवाखाना गाठा, बऱ्याचदा तोच तुकडा परत चिकटवता येतो. नाही सापडला तर दातांच्या रंगाच्या कॉम्पोझिटनं कोपरा बांधता येतो. त्याला दीड ते चार हजार लागतात आणि दात जवळजवळ घासावाच लागत नाही.

दर कशाचे

पुढचे आकडे कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली पट्ट्यातल्या खासगी दवाखान्यांचा अंदाज बांधण्यापुरते आहेत. डॉक्टरचा अनुभव, लॅब आणि वापरलेलं मटेरियल यांनुसार ते वरखाली होतात.

पूर्ण धातूची कॅप दीड ते तीन हजार. आत धातू आणि वर सिरॅमिक, म्हणजे लोक ज्याला नुसतं ‘सिरॅमिक’ म्हणतात ती, तीन ते सहा हजार. यातच आतला धातू लेझरनं थर लावून बनवलेला असेल तर बिलावर ‘डीएमएलएस’ लिहिलेलं दिसतं आणि दर हजार-दोन हजारांनी वाढतो. झिर्कोनिया सहा ते पंधरा हजार. लिथियम डायसिलिकेट, म्हणजे ‘ई-मॅक्स’ या नावानं ओळखलं जाणारं काचेसारखं सिरॅमिक, नऊ ते अठरा हजार. व्हेनिअरमध्ये कॉम्पोझिटचं दोन ते सहा हजार, सिरॅमिकचं आठ ते वीस हजार. हे सगळे दर एका दाताचे.

इतका फरक का पडतो, हे कोल्हापूरकराला समजायला अवघड नाही. धातूची कॅप म्हणजे शुद्ध कास्टिंगचं काम. दाताच्या मापावरून प्लास्टरचं मॉडेल बनतं, त्यावर मेणाची कॅप कोरतात, ती उष्णता सोसणाऱ्या मसाल्यात गाडून भट्टीत मेण वितळवून घालवतात आणि उरलेल्या पोकळीत तापलेला धातू ओततात. शिरोलीच्या फौंड्रीत काम केलेल्या माणसाला यातलं काहीच परकं नाही, फक्त इथं वजन ग्रॅममध्ये असतं. सिरॅमिक कॅपमध्ये या धातूवर पोर्सिलेनची पूड ब्रशनं थराथरानं लावतात आणि दर वेळी नऊशे अंशांच्या आसपास भाजतात. तिथं कारागिराच्या हाताला किंमत आहे. झिर्कोनियाची तऱ्हा सीएनसी मशीनची. मापाचं स्कॅनिंग होतं, संगणकावर आकार ठरतो आणि खडूसारख्या मऊ चकतीतून कॅप कोरली जाते. ती मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठी कोरतात, कारण नंतर दीड हजार अंशांच्या भट्टीत ती तेवढीच आकसते. भट्टीतून निघते तेव्हा इतकी कठीण झालेली असते की बसवताना जरा उंच वाटली तरी ती घासायला हिऱ्याचा बर लागतो. चकती कुठल्या दर्जाची, मशीन किती अचूक, भट्टीचा वेळ नीट पाळला का, यावर तिचं आयुष्य ठरतं. कोल्हापुरातल्या लॅब ही कामं करतात. काही डॉक्टर ती मुंबईला किंवा केरळात मुवाट्टुपुळाच्या मोठ्या लॅबकडेही पाठवतात. काम कुठं जाणार आहे हे विचारायला संकोच नको.

सगळ्यांत महाग तेच सगळ्यांत चांगलं, असं या बाबतीत नाही. मागच्या दाढेला साधं, अपारदर्शक झिर्कोनिया उत्तम, कारण त्याची ताकद ई-मॅक्सच्या दुपटीहून जास्त असते. पुढच्या दाताला मात्र ते पांढऱ्या खडूसारखं दिसू शकतं, तिथं ई-मॅक्स नैसर्गिक दिसतं. मध्यंतरी पारदर्शक, अनेक थरांचं झिर्कोनिया आलं आहे. ते दिसायला सुंदर, पण जितकं पारदर्शक तितकं कमी मजबूत. रात्री दात खाणाऱ्या माणसाच्या दाढेला तेच ‘प्रीमियम’ म्हणून जास्त दरानं बसवलं, तर त्यानं जास्त पैसे देऊन कमी ताकद विकत घेतली. सिरॅमिक-धातूची कॅप आजही वाईट नाही. वरचा थर क्वचित टवका उडून निघतो आणि हिरडी मागे सरकली की काठाशी करडी रेघ दिसते, एवढे तिचे दोन दोष. समोरच्या दातांत ते खटकतात, मागं खटकत नाहीत. कानातल्या नकली दागिन्यानं खाज सुटत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्वस्त कॅपच्या धातूत बऱ्याचदा निकेल असतं आणि निकेल चालत नसेल तर दुसरा धातू किंवा झिर्कोनिया घ्यावं लागतं.

कॅपचा दर म्हणजे दाढेचा एकूण खर्च नव्हे, इथं अनेकांची फसगत होते. समजा खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ आहे. रूट कॅनॉल साडेचार हजार, एक्स-रे तीनशे, पोखरलेली दाढ आतून भरून उभी करायची म्हणजे ‘कोअर’ हजार, गरज पडली तर आत फायबरची काडी, ‘पोस्ट’, आणखी दोन हजार, आणि मध्यम प्रतीचं झिर्कोनिया आठ हजार. बेरीज पंधरा हजार आठशे. ज्यानं फोनवर ‘कॅप आठ हजार’ ऐकलं त्याला हा आकडा दुप्पट वाटणारच. म्हणून सुरुवातीलाच एका कागदावर सगळं लिहून मागा: दाताचा नंबर, कामाचं नाव, मटेरियल, दर, आणि टेम्पररी कॅपचे पैसे यात धरलेत की वेगळे. दाताचे नंबर दोन आकडी असतात. पहिला आकडा जबड्याचा कोपरा सांगतो, वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मोजलेला दात. म्हणजे वर सांगितलेली दाढ ३६. बिलावर ३६ आणि ३७ दोन्ही दिसले आणि तुमच्या माहितीत एकच दाढ किडली असेल, तर तिथंच थांबून विचारा.

वॉरंटी कार्डावर पाच, दहा, पंधरा वर्षं लिहिलेली असतात. ते कार्ड लॅबचं असतं आणि बहुतेक वेळा कॅप फुटली तर नवी कॅप देण्यापुरतं असतं. कॅपखाली दात पुन्हा किडला, हिरडी खराब झाली, दाढच चिरली, तर कार्डाचा उपयोग नाही. नवी कॅप बसवण्याची डॉक्टरची फी माफ आहे का, तेही आधी विचारा. कार्डावर तुमचं नाव आणि दाताचा नंबर बरोबर आहे का, हे घरी येण्याआधी पाहा.

व्हेनिअरची घाई

चोविसाव्या वर्षी, लग्नाच्या फोटोंसाठी, वरच्या आठ दातांना सिरॅमिक व्हेनिअर करायचं ठरलं, असं धरू. बारा हजारांनी शहाण्णव हजार झाले. चांगलं केलेलं व्हेनिअर दहा-पंधरा वर्षं टिकतं. मग ते बदलावं लागतं, आणि बदलताना दात पुन्हा थोडा जातो. सत्तरीपर्यंत तीन वेळा तरी हा खर्च परत येणार, तोही तेव्हाच्या दरानं. एवढं माहीत असूनही कोणाला करायचं असेल तर खुशाल करावं, निर्णय त्या व्यक्तीचा आहे. पण बहुतेकांना हे आधी कोणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

कारण त्यातल्या कितीतरी जणांचं काम खूप कमी खर्चात होण्यासारखं असतं. चहा, मिश्री, मावा, तंबाखू यांचे डाग दाताच्या वरवर असतात. हजार-दीड हजारांच्या सफाईनं ते जातात. मूळ रंगच पिवळसर असेल तर ब्लीचिंग आहे, पाच ते पंधरा हजारांत. एखाद्या दाताचा कोपरा तुटला असेल किंवा दोन दातांत फट असेल तर तेवढ्या दातांना कॉम्पोझिट. हे सगळं मिळून पंधरा-वीस हजारांत बसतं आणि दात शाबूत राहतो. मन बदललं तर मागे फिरता येतं. दात वेडेवाकडे असतील तर ते घासून सरळ दाखवण्यापेक्षा तारा लावाव्यात. धातूच्या तारांना तीस ते पन्नास हजार आणि दीड-दोन वर्षं लागतात खरी, पण सरळ झालेले दात तुमचे स्वतःचे असतात.

व्हेनिअर जिथं खरंच शोभतं अशाही जागा आहेत. लहानपणी पाण्यातल्या जादा फ्लोराईडनं आलेले तपकिरी खोल डाग, ब्लीचिंगला दाद न देणारा काळवंडलेला दात, जन्मतःच बारीक राहिलेला दात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड या भागांत फ्लोराईडचा त्रास मोठा आहे आणि तिकडून शिकायला किंवा नोकरीला आलेली मुलं आपल्याकडेही असतात. तोंडावर हात धरून हसणाऱ्या मुलीला चार व्हेनिअरनं मोकळं हसता आलं, तर तो खर्च मी उधळपट्टी म्हणणार नाही.

व्हेनिअर टिकतं ते इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थराच्या जोरावर. १९५५ साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलवर फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावलं तर पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो आणि त्यावर चिकट द्रव्य घट्ट धरतं. त्याआधी हॉलीवूडच्या नटांना बसवलेली व्हेनिअर शूटिंगपुरती चिकटायची आणि जेवताना काढून ठेवावी लागायची. आजचं सगळं काम त्या शोधावर उभं आहे. म्हणूनच इनॅमलपलीकडे, आतल्या डेंटीनपर्यंत घासलं की पकड कमी होते आणि ठणकाही लागतो. हिरड्यांतून रक्त येत असेल, साखर काबूत नसेल, तर आधी ते आटोक्यात आणा. दात खायची सवय असेल तर रात्री घालायच्या गार्डचे दोन-चार हजार हिशेबात धरा.

ब्लीचिंग करायचं असेल तर ते आधी, आणि व्हेनिअर त्यानंतर दोन आठवड्यांनी. सिरॅमिकचा रंग नंतर बदलता येत नाही. शेड ठरवताना दवाखान्यातल्या दिव्याखाली ठरवू नका, दुपारी खिडकीशी उभं राहून, घरचं कोणीतरी बरोबर घेऊन ठरवा. लग्नाआधी किमान सहा आठवडे कामाला सुरुवात करा, आठ दिवसांवर लग्न आल्यावर नको. आणि एक अगदी आपल्याकडचं: व्हेनिअर केल्यावर ऊस दातांनी सोलायचा नाही. कांड्याची साल ओढताना बसणारा हिसका नेमका त्याच दिशेनं असतो ज्या दिशेनं व्हेनिअर सुटतं. गंडेरी करून दाढेनं चावा. कॉम्पोझिटवर हळद आणि तांबड्या रश्श्याचा रंग चढतो, त्याला वर्षातून एकदा पॉलिश लागतं आणि चार-सात वर्षांत ते बदलावं लागतं.

पैसे कमी असतील तर

कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दंत विभाग आहे, दाताचं नेमकं काय झालंय ते तिथं कमी खर्चात दाखवून घेता येतं. कॅपसाठी मात्र दंत महाविद्यालय गाठावं. वारणानगरजवळ नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय, बेळगावात केएलईचं. तिथं विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. दर खासगीपेक्षा बरेच कमी असतात, पण फेऱ्या जास्त होतात आणि अर्धा दिवस जातो. रोजंदारी बुडणार असेल तर तोही खर्चच आहे, तो धरून हिशेब करा.

मेडिक्लेम पॉलिसीत दाताचं बाहेरच्या बाहेर केलेलं काम सहसा बसत नाही, अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. पॉलिसी उघडून अपवादांचं पान वाचा.

कॅप कायमची चिकटवण्याआधी डॉक्टर ती बसवून दाखवतात, तेव्हा गप्प राहू नका. रंगीत कागद चावायला देतात, त्यात एकाच जागी गडद ठिपका आला म्हणजे कॅप उंच आहे. दोन दातांमध्ये धागा अडकून फाटत असेल किंवा अगदीच ढिला जात असेल तर तेही सांगा. सिमेंट लावल्यावर दुरुस्ती अवघड होते. माप देताना निम्मे पैसे देण्याची पद्धत आहे, उरलेले काम बसल्यावर द्या आणि दोन्हींची पावती घ्या.

डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असायला हवी. ब्युटी पार्लरमध्ये कोणी व्हेनिअर चिकटवून देत असेल तर तो बेकायदा प्रकार आहे. काम बिघडलं तर आधी त्याच डॉक्टरला लेखी कळवा, बहुतेक तक्रारी तिथंच मिटतात. नाही मिटली तर दंत परिषद आणि जिल्हा ग्राहक आयोग हे दोन मार्ग आहेत. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. निष्काळजीपणा सिद्ध करायला दुसऱ्या दंतवैद्याचं लेखी मत, आधीचे-नंतरचे एक्स-रे आणि पावत्या लागतात. नुसत्या तोंडी हकिकतीवर केस उभी राहत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

आणि बसवलेली कॅप कधी जेवताना निघून हातात आली, तर ती फेकू नका आणि घरच्या फेव्हिक्विकनं तर मुळीच चिकटवू नका. धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूनं चावणं बंद करा आणि दोन-तीन दिवसांत दवाखाना गाठा. आतला दात शाबूत असेल तर तीच कॅप तीनशे-पाचशे रुपयांत परत बसते. पंधरा-वीस दिवस घालवले की शेजारचे दात सरकतात आणि मग नव्या कॅपचे पैसे मोजावे लागतात.